कुंपणाबाहेरचा पट्टा कुणाचा?

(डिसेंबर २०११ मध्ये पनवेल तालुक्यातल्या एका वाडीवर झालेल्या अभ्यास शिबिरातलं हे भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे. बोलताना दोनदोनदा आलेलं तेवढं काढलं, बाकी बोलल्याप्रमाणेच ठेवलं आहे.)



गेल्या बैठकीला वरच्या वाडीच्या आजी आल्या होत्या. आज पण आल्यात, त्या बघा खांबाला टेकून बसल्यात. त्यांनी मला विचारलं, "पोरा, सायेब लोक वाडीत येतात तवा म्हणतात झाडं लावा, झाडं जगवा. इमानाचं काम निघालं का म्हणतात झाडं तोडा. ह्यातलं खरं कुठलं?" तेव्हा आपण सगळे हसलो. मीही हसलो, कारण मला उत्तर येत नव्हतं. मग दोन महिने मी कागद वाचले, वकील मंडळींना विचारलं. आज जे बोलतोय ते आजींच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं समजा.

नव्या मुंबईच्या विमानतळाचं सगळ्यांना माहीत आहे. २०१० च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या पर्यावरण मंत्रालयानं मंजुरी दिली. जागा ११६० हेक्टर. त्यात खाडीची खारफुटी गेली, उलवे नदीचा ओघ वळवायचं ठरलं, आणि उलव्याचा नव्वद मीटर उंचीचा डोंगर कापायचं ठरलं. हे सगळं खाली, आगरी-कोळी भावांच्या गावांवर. आपण वर, डोंगराच्या अंगाला. म्हणून आपल्यातले पुष्कळजण म्हणतात, आपल्याला काय त्याचं, आपल्या दळीपर्यंत विमान थोडंच येतंय? विमान येत नाही हे खरं. पण विमानतळाचं कुंपण येतं, आणि कुंपणाच्या मागून त्याचे नियम येतात. ते किती लांब येतात तेच आज सांगायचं आहे.

पहिल्यांदा कुंपण बघू. आपल्याकडे वई असते. करवंदीच्या काट्या टाकतो, शेराची कांडी रोवतो, एखादा पांगारा लावतो. गुरं आत येऊ नयेत एवढंच तिचं काम. वई जितकी दाट तितकी चांगली. विमानतळाचं कुंपणही मुळात असंच होतं. धावपट्टीवर म्हैस आली तर विमान आपटेल, म्हणून तार. जगभरच्या विमानतळांसाठी इकाओ नावाची आंतरराष्ट्रीय संघटना नियम करते. तिच्या नियमांच्या चौदाव्या परिशिष्टात आजही कुंपणाचं पहिलं कारण जनावर हेच लिहिलेलं आहे. माणसाचं नाव त्याच्यानंतर येतं.

मग विमानं पळवायला लागले. आपल्या देशात १९७८ साली विमान सुरक्षेचा वेगळा विभाग निघाला. १९८५ मध्ये एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बनं समुद्रावर फुटलं, तीनशेच्या वर माणसं मेली. त्यानंतर १९८७ साली तो विभाग स्वतंत्र ब्यूरो झाला. १९९९ च्या डिसेंबरात काठमांडूचं विमान कंदाहारला नेलं, आणि पुढच्या वर्षापासून विमानतळावरचे राज्याचे पोलीस जाऊन केंद्राचे सीआयएसएफचे जवान उभे राहायला लागले. प्रत्येक वेळी कुंपण बदललं. तारेच्या जागी आठ फूट भिंत, वर दीड फूट काटेरी तार, आतून गस्तीचा रस्ता, मध्ये मध्ये टेहळणीचे मनोरे.

ह्याला माझी हरकत नाही. विमानात बसणारी पण माणसंच असतात. आखातात कामाला जाणारा गडी असतो, नर्स असते. त्यांच्या जिवाची काळजी घ्यायलाच पाहिजे. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण उद्या कुणी म्हणेल हे आदिवासी देशाच्या सुरक्षेच्या आड येतात. आपण आड येत नाही. आपण एवढंच विचारतो की सुरक्षेची किंमत कुणाच्या जमिनीतून भरताय?

तर आता झाडांकडे येऊ. आपल्या वईच्या उलटं त्यांचं कुंपण. त्यांना ते दाट नको, उघडं पाहिजे. कुंपणाला लागून झुडूप असलं तर मागे माणूस लपतो. झाड असलं तर फांदीवरून पलीकडे उतरतो. वादळात झाड पडलं तर तार तुटते, आणि ती जोडेपर्यंत तिथे रात्रभर पहारा ठेवावा लागतो. म्हणून त्याच चौदाव्या परिशिष्टात एक वाक्य आहे, त्याचा अर्थ असा: जिथे जास्त सुरक्षा हवी असं वाटेल तिथे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना मोकळा केलेला पट्टा ठेवावा, म्हणजे गस्तीला सोपं पडेल आणि घुसणाऱ्याला अवघड.

ह्या वाक्यातले दोन शब्द नीट ऐका. एक, "दोन्ही बाजूंना". म्हणजे बाहेरसुद्धा. दुसरा, "ठेवावा". कुंपण घालणं सक्तीचं आहे, तिथे भाषा "घातलंच पाहिजे" अशी आहे. पट्ट्याला मात्र शिफारस आहे. आणि बाहेरचा पट्टा कुणाच्या जमिनीत, ह्याबद्दल एक अक्षर नाही. ते अक्षर आपल्याला लिहून घ्यायचं आहे.

मी हिशेब केला. आपल्या शाळेतल्या पोरांना पण करायला दिला, त्यांचं माझं उत्तर जुळलं. ११६० हेक्टर जमीन अगदी चौकोनी धरली तर एक बाजू तीन किलोमीटर चारशे मीटर येते. चारी बाजू मिळून साडेतेरा किलोमीटरच्या वर. खरी जमीन चौकोनी नसते, खाडीच्या कडेनं वेडीवाकडी असते, म्हणजे कुंपण याहून लांबच. आता बाहेरच्या बाजूला समजा फक्त तीन मीटर पट्टा धरला. बैलगाडी जाईल एवढा. तर होतात चार हेक्टर. दहा एकर. वनहक्क कायद्यात एका कुटुंबाला जास्तीत जास्त चार हेक्टर मिळू शकतात, आणि आपल्यातल्या कितीजणांना तेवढी मिळाली? हात वर करा. (कुणीच हात वर केला नाही.) बरं. दाव्यात वीस गुंठे लिहिले तरी तीनतीन वेळा मोजणी होते. आणि इथे कुंपणाला उघडं दिसावं म्हणून दहा एकर कुणाची मोजणी न होता जाऊ शकतात. जातील असं मी म्हणत नाही. जाऊ नयेत म्हणून आत्ता बोलतोय.

उपाय काय? साधा आहे. कुंपण हद्दीच्या रेषेवर घालायचंच नाही. ते तीन मीटर किंवा जेवढा पट्टा हवा तेवढं आत सरकवून घालायचं. म्हणजे दोन्ही बाजूंचा मोकळा पट्टा त्यांच्याच जमिनीत राहतो. गावाची पायवाट, गुरांचा रस्ता, मसणवटीची वाट, सगळं जिथल्या तिथे. हे मागायला कायद्याचं कलम लागत नाही. नकाशावर रेष ओढायच्या आधी बोलावं लागतं एवढंच. एकदा भिंत उभी राहिली की ती सरकत नाही, तिच्या बाहेरचं सगळं सरकतं. मुंबईच्या विमानतळाला बघा, भिंतीला झोपड्या चिकटलेल्या. तिथे पट्टा नाहीच. मग रोज भांडण, आणि दोष झोपडीवाल्याला.

आता आजींच्या प्रश्नाचा दुसरा भाग, झाडं लावा म्हणणारे. ते खोटं बोलत नाहीत. पर्यावरणाची मंजुरी देताना अट असते की प्रकल्पाच्या कडेनं हरित पट्टा करा. शहरात झाडांचा १९७५ चा कायदा आहे, त्यात प्लॉटवर किती झाडं असावीत, तोडायची तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, असं सगळं. अमेरिकेत तर कित्येक शहरांचा नियम आहे की रस्त्याकडून जाळीचं कुंपण नुसतं दिसता कामा नये, पुढे झुडपांची रांग लावून ते झाका. आणि तिथल्याच सुरक्षेवाल्यांचं म्हणणं की झाकू नका! तिथेही हे भांडण चालतंच. तिथे बहुतेक वेळा तडजोड होते ती अशी: कुंपणाजवळ फक्त गवत, त्याच्यापुढे गुडघ्याएवढी झुडपं, आणि मोठं झाड आणखी लांब, तेसुद्धा खालच्या फांद्या छाटून, म्हणजे बुंध्यांच्या मधून पलीकडचं दिसतं. चांगली तडजोड आहे. पण त्यासाठी जमीन लागते, तिथे ती विमानतळाचीच असते.

आपल्याकडे काय होतं? हरित पट्टा कडेला पाहिजे, कडेला तर सुरक्षा. म्हणून कागदावरची झाडं दुसरीकडे पाठवतात. दुसरीकडे म्हणजे कुठे? आपल्याकडे. जंगल खात्याची जमीन प्रकल्पाला गेली तर १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली बदली झाडं लावावी लागतात. त्यासाठी दुसरी जमीन दाखवतात, किंवा सरकारी प्रकल्प असला तर उजाड झालेलं जंगल, दुप्पट. आता "उजाड झालेलं जंगल" हा शब्द तुम्ही ऐकलाय. नकाशावर उजाड, आणि प्रत्यक्षात तिथे तुमची नाचणी-वरी उभी. तुमच्या आज्याला इंग्रजांच्या वेळी गटाच्या नावानं लावून दिलेली दळी. आपल्यातल्या दोन वाड्यांनी हे पाहिलंय, नाचणीच्या वाफ्यात ओळीनं खड्डे, आणि शेजारी बोर्ड. ते खड्डे कुठल्या प्रकल्पाचे होते ते कुणी सांगितलंच नाही.

म्हणजे बघा कसं झालं. कुंपणाबाहेर झाड नको म्हणून एकदा जमीन गेली, आणि झाड पाहिजे म्हणून दुसऱ्यांदा गेली. आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच. दोन्ही खरं आहे. तोडा पण खरं, लावा पण खरं, आणि दोन्ही आपल्याच अंगावर.

म्हणून ग्रामसभेनं पहिलं विचारायचं ते हे, की हरित पट्ट्याची अट कुठल्या सर्व्हे नंबरात पुरी करणार? नंबर द्या. त्या नंबरावर वनहक्काचे दावे पडून असतील तर आधी ते निकाली काढा. ३ ऑगस्ट २००९ चं मंत्रालयाचं पत्र आपल्या प्रत्येक वनहक्क समितीकडे असायला पाहिजे. जंगल जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर हक्कांचं काम पूर्ण झाल्याचं आणि ग्रामसभेच्या संमतीचं पत्र लागतं, असं त्यात आहे. आणि वनहक्क कायद्यात ग्रामसभेच्या शिफारशीवर जंगल जमीन देता येते अशा तेरा गोष्टींची यादी आहे, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशी. ती हेक्टरच्या आतली छोटी कामं. विमानतळ त्या यादीत नाही. कुणी त्या कलमावर सही मागितली तर देऊ नका.

आता आपल्या स्वतःच्या झाडांचं. इथे जास्त वेळ घेतो, कारण अफवा फार आहेत. कुणी म्हणतं दहा किलोमीटरमधली सगळी झाडं तोडणार. तसं नाही.

विमानांचा जुना कायदा १९३४ चा. त्यात १९७२ साली कलम ९-अ घातलं. विमानतळाच्या मध्यबिंदूपासून जास्तीत जास्त वीस किलोमीटरपर्यंत सरकार अधिसूचना काढून सांगू शकतं की इथे अमुक उंचीच्या वर इमारत बांधू नका, झाड लावू नका. आधीपासून असलेलं झाड तोडायला किंवा उतरवायला सांगू शकतं. वीस किलोमीटर म्हणजे आपण सगळे आलो. पण "सांगू शकतं" आणि "सगळी झाडं" ह्यात फरक आहे. उंचीचा हिशेब असतो.

विमान उतरताना तिरकं येतं. धावपट्टीच्या टोकापुढे साठ मीटर सोडून एक अदृश्य उतार धरतात, पन्नासाला एक. म्हणजे पन्नास मीटर लांब गेलं की एक मीटर उंचीची सूट. वीस मीटरचा ताड असला तर तो टोकापासून एक हजार साठ मीटरच्या पलीकडे हवा. त्याच्या अलीकडे असला तर खरंच अडचण. धावपट्टीच्या बाजूला उतार जास्त खडा असतो, साताला एक. मधल्या रेषेपासून दीडशे मीटर सोडून तो सुरू होतो. तोच ताड तिथे दोनशे नव्वद मीटरवर चालतो, आणि तेवढी जमीन बहुतेक विमानतळाच्या आतच असते. म्हणजे धावपट्टीच्या टोकासमोरच्या गावांना झाडांची नोटीस येऊ शकते, बगलेच्या गावांना सहसा यायचं कारण नाही. नोटीस आली तर पहिला प्रश्न हाच, आमचं झाड टोकाला आहे की बगलेला, आणि किती मीटरवर?

पण डोंगरावरच्यांनी एक लक्षात ठेवा. ही उंची तुमच्या जमिनीपासून मोजत नाहीत, विमानतळाच्या पातळीपासून मोजतात. चार किलोमीटरच्या घेरात साधारण पंचेचाळीस मीटरची आडवी मर्यादा असते. सपाटीवर पंचेचाळीस मीटरचं झाड आपल्याकडे कुठे आहे? पण तुमची वाडी चाळीस मीटरच्या टेकाडावर असली, आणि अंगणात आठ मीटरचा आंबा असला, तर झाले अठ्ठेचाळीस. खालच्या गावातला मोठा ताड वाचला आणि वरचा लहान आंबा अडचणीत, असं होऊ शकतं. उलव्याचा डोंगर ह्याच हिशेबात येतो. नव्वद मीटरचा डोंगर जिथे कापतात तिथे आंब्याचा मुलाहिजा कोण ठेवणार?

तरी मुलाहिजा ठेवायला कायद्यानं भाग पाडलं आहे. १९९४ चे नियम आहेत अडथळे काढण्याचे. त्यात आधी मालकाला लेखी नोटीस, मग मोजणी, मग म्हणणं मांडायची संधी, मग विमान वाहतूक महासंचालकाचा हुकूम. गडी कोयता घेऊन येतो आणि म्हणतो साहेबांनी सांगितलंय, ह्याला हुकूम म्हणत नाहीत. आणि कलम ९-ब मध्ये भरपाई आहे. अधिसूचनेच्या आधीपासून उभं असलेलं झाड तोडायला लावलं तर नुकसान भरून द्यायचं, रक्कम पटली नाही तर लवाद नेमायचा. आधीपासून उभं असलेलं, हा मुद्दा आहे. नंतर लावलेल्याला नाही. म्हणून आज जे उभं आहे त्याची नोंद आजच पाहिजे.

एक प्रसंग सांगतो. नाव सांगत नाही, विमानतळाचं पण नाही आणि गावाचं पण नाही. कुंपणापासून जवळ एका कातकरी बाबाचे दोन आंबे आणि एक जांभूळ. सुपरवायझर म्हणवणारा एकजण आला, म्हणाला ही झाडं आठ दिवसांत काढा, नाहीतर पोलीस येतील. बाबा घाबरला. त्यानं स्वतःच्या हातानं झाडं पाडली, वर तोडणाऱ्या गड्यांना मजुरी दिली. लाकूड एका व्यापाऱ्यानं ट्रकात भरलं, दोन हजार रुपये हातावर ठेवले. पंधरा दिवसांनी दुसरे साहेब आले. आंबा आणि जांभूळ दोन्ही १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहेत. परवानगी कुठे? शिवाय आदिवासीचं झाड विकायचं तर १९६९ चा वेगळा कायदा, जिल्हाधिकारी आणि वन खात्यामार्फत विक्री. ती पण मोडली. बाबा गुन्हेगार! आम्ही विमानतळावर गेलो, तिथे म्हणाले आमच्याकडून असा कुठला कागद गेलेलाच नाही. खरंच गेला नव्हता. झाडं कुंपणाच्या पट्ट्यात येत नव्हती आणि उताराच्या हिशेबातही नव्हती. मग कुणाला नको होती? सुपरवायझरला ट्रकवाला ओळखत होता, एवढं नंतर कळलं. त्या बाबाचा दंड आम्ही वर्गणी काढून भरला. मी स्वतः त्या वेळी बाबाला म्हणालो होतो, "सुरक्षेचं काम आहे, कशाला भांडतोस?" ते मला आजही लागतं.

तिसरा नियम पाखरांचा, तो पटकन सांगतो. विमानाच्या इंजिनात घार गेली तर इंजिन बंद पडू शकतं. म्हणून १९३७ च्या नियमांतला ९१ वा नियम सांगतो की विमानतळाच्या दहा किलोमीटरमध्ये उघड्यावर जनावर कापू नये, सोलू नये, पाखरं येतील असा कचरा टाकू नये. हा आपल्याला लागू आहे, जत्रेच्या वेळी लक्षात ठेवायला लागेल. मेलेलं जनावर रानात ओढून टाकायची आपली पद्धत पण ह्यात सापडते, पुरायला लागेल. पण ह्याच नियमावर उद्या कुणी म्हणेल उंबर तोडा, वड तोडा, फळावर पाखरं बसतात. त्या नियमात उंबराचं नाव नाही. विमानतळाच्या आत ते फळझाड लावत नाहीत, ते बरोबर आहे. बाहेर कर्नाळ्याचं अख्खं पक्षी अभयारण्य आहे, ते कुणी तोडायला निघालं आहे का?

गवताची गंमत ऐका. आतलं गवत अगदी बारीक कापलं तर टिटवी आणि बगळे उतरतात, त्यांना किडे दिसतात. फार वाढू दिलं तर उंदीर होतात, त्यांच्यामागे घार आणि घुबड. शिवाय उंच गवतात माणूस लपतो. म्हणून ते मधल्या उंचीवर ठेवायला लागतं, म्हणजे पावसाळ्यानंतर सारखी कापणी आली. ही कापणी कोण करणार? आज ठेकेदार यंत्र आणतो. कुंपणाच्या बाहेरच्या पट्ट्याची तरी कापणी वाडीच्या बचत गटाला द्यावी, गवत गुरांना न्यायला मिळावं, हे आपण मागू. सुरक्षेवाल्यांना रोज ओळखीची माणसं दिसली तर त्यांनाच बरं. अनोळखी माणूस आला की आपल्या बायकांना पहिल्यांदा कळतं, मनोऱ्यावरच्या जवानाला नंतर.

आणि पाणी. त्याच चौदाव्या परिशिष्टात लिहिलंय की जिथून माणूस आत शिरेल अशी गटारं, बोगदेसुद्धा गजांनी बंद करावेत. आपल्या डोंगराचे ओहोळ सगळे खाली तिकडेच जातात. ओहोळावर गज बसले की पहिल्या पावसात पालापाचोळा, प्लास्टिक अडकणार, आणि पाणी मागे शेतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी तिथे विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, आजूबाजूच्या वस्त्यांचं काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं. गज बसवा, पण कुठल्या ओहोळावर, किती रुंद, आणि जून ते सप्टेंबर ते रोज साफ कोण करणार, हे लिहून द्या. सरकते गज पण बसवता येतात. हे काम पण वाडीला मागता येईल.

ठराव करायचा तर चार ओळींचा करू, फार लांब नको. कुंपण आत सरकवून घाला आणि मोकळा पट्टा आपल्या हद्दीत ठेवा. हरित पट्ट्याचे सर्व्हे नंबर जाहीर करा, दाव्यांच्या जमिनीवर खड्डे नकोत. लेखी नोटिशीशिवाय एकही झाड तुटणार नाही. ओहोळांवरचे गज ग्रामसभेला दाखवून बसवा. ठराव सिडकोला एक, जिल्हाधिकाऱ्याला एक, आणि पोच घेऊन एक प्रत आपल्या दप्तराला. तोंडी पोहोचवलेला ठराव पोहोचत नाही, हे आपण दळीच्या वेळी शिकलोय.

एकानं मघाशी विचारलं, विमानतळ होणार नाही असंच का म्हणत नाही? ज्यांची गावं जातायत ते त्यांची लढाई लढतायत, त्यांना आपला पाठिंबा आहे आणि राहील. पण ती लढाई हरली तरी आपलं झाड वाचलं पाहिजे, आणि जिंकली तरी नोंद वाया जात नाही. वनहक्काच्या दाव्यात जुनं झाड पुरावा म्हणून मांडता येतं.

तर घरी गेल्यावर काम. प्रत्येक वाडीनं वही करायची. झाडाचं नाव, कुणाच्या ताब्यात, कुणी लावलं, अंदाजे वर्ष, बुंध्याचा घेर. ज्यांचा सात-बारा आहे त्यांनी तलाठ्याकडे जाऊन शेऱ्यात झाडांची नोंद आहे का बघायचं. दळीवाल्यांनी वनहक्क समितीच्या दोघांच्या सह्या घ्यायच्या. उंची मोजायला झाडावर चढू नका. सकाळी ऊन पडलं की एक मीटरची काठी सपाट जागी उभी रोवा, तिची सावली मोजा. लगेच झाडाची सावली मोजा, बुंध्यापासून शेंड्याच्या सावलीपर्यंत. काठीची सावली अर्धा मीटर आणि झाडाची सहा मीटर असली तर झाड बारा मीटर. उतारावर सावली लांबते नाहीतर आखूड होते, तिथे शाळेच्या मास्तरांना बरोबर घ्या. आजींच्या अंगणातल्या फणसापासून उद्या सकाळी सुरुवात करू, साडेआठला. टेप मी आणतो.